हौसाबाईचं चोपणं

हौसाबाई नसती तर माझा संसार नगरच्या जुन्या पेठेतल्या एका खोलीखाली गाडला गेला असता. म्हणून आधी तिचं नाव. आडनाव मला कधीच कळलं नाही. सगळं गाव तिला चोपणीवाली हौसाबाई म्हणायचं. दिवाळीच्या आधी घरातली मातीची जमीन उकरायची, पाणी मारायचं, लाकडाच्या जड चोपण्याने ठोकठोक ठोकून घट्ट करायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा, हा तिचा धंदा. आता घरोघरी फरश्या आल्या. चोपणं कशाला म्हणतात हे माझ्या नातवालाही सांगावं लागतं. हातभर लांबीचं, तळाशी सपाट, मुठीशी गोल असं बाभळीचं लाकूड. धोपटण्याचा थोरला भाऊ समजा.

मी दत्ताराम. मूळचा मालवणच्या बाजूचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. चिऱ्याच्या कामावर हात बसला आणि एका ओळखीच्या कंत्राटदाराबरोबर नगरला गवंडी म्हणून आलो. पुढे गवंडीकाम सुटलं आणि भलताच धंदा गळ्यात पडला. लोक घर विकत घेण्याआधी मला बोलावतात, मी घर तपासून देतो. कागद वकिलाने वाचायचे, घर मी वाचायचं. भिंत ओळंब्यात आहे का, ओलीचा लोणा कुठवर चढलाय, माळवदाच्या तुळईला वाळवी आहे का, दार पावसात अडकतं की बारा महिने अडकतं. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून महिनाभराने पाहायचं. काच तडकली तर भिंत अजून चालते आहे. भिंत चालते हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. बेलापूरकडचे एक बागायतदार म्हातारी आई घेऊन आले. प्रत्येक खोलीत तिला खाली बसवायचे आणि हातात सुईदोरा द्यायचे. म्हणाले, "तुमचं चालू द्या मिस्त्री. आईला जिथं सुई ओवता आली ती खोली चांगली." मी हसलो, पण तेव्हापासून माझ्याही पिशवीत सुईदोरा असतो. दुसरे एक कारकून. मला दारातच धरून कानात म्हणाले, "जे चांगलं असेल तेवढंच मोठ्यानं बोला. मंडळींना घर आवडलंय." या दुसऱ्या जातीची माणसं जास्त. त्यांना मी हसत नाही, कारण मी स्वतः त्यातलाच होतो.

बहात्तर सालची गोष्ट. त्या वर्षी पाणी म्हणजे काय हे नगर जिल्ह्याला आठवावं लागत होतं. आडांच्या तळाशी भेगा पडल्या होत्या. आम्ही केडगावात एका खोलीत भाड्याने राहत होतो. माझी बायको सुमन सातव्या महिन्यात होती आणि घरमालकाला त्याच्या मुलाच्या लग्नासाठी खोली हवी होती. परक्या मुलखात, पोटुशी बाई घेऊन, त्या दुष्काळात जायचं कुठे? मला रात्ररात्र झोप नसे. दाराची कडी तीन तीनदा बघायचो.

अशात जुन्या पेठेतलं एक घर नजरेत आलं. दोन खोल्या, मधे माजघर, वर माळवद, भिंती हातभर रुंद. माजघरात कोरी करकरीत शहाबादी फरशी. घर दाखवायला नाना दलाल होते. पांढरी टोपी, तोंडात कायम लवंग. दार उघडलं आणि आतून गार हवेची झुळूक अंगावर आली. तिला वास होता, ओल्या मातीचा. बाहेर कुत्री गटारात जीभ लावत होती आणि इथे पाऊस पडून गेल्यासारखा वास!

"आहे का नाही?" नाना म्हणाले. "भर उन्हाळ्यात पंखा नको. जुनं बांधकाम, मिस्त्री. थंडावा भिंतीत मुरलेला असतो."

सुमन उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. नानांनी तिच्यासाठी पाट टाकला. ती बसेना. मला हळूच म्हणाली, "माका हय बसूचा नाय."

"कित्याक गो?"

"काय म्हायत नाय. पण बसूचा नाय."

गर्भारपणातले लहरी दिवस, असं म्हणून मी सोडून दिलं.

दोन दिवसांनी नानांकडून किल्ली घेऊन एकटाच गेलो. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. मी गवंडी, त्यामुळे भिंतींना ओळंबा लावला, कोपरे ठोकले, तुळयांना खिळा टोचून पाहिला. सगळं खणखणीत. घाम पुसायला माजघरात फरशीवर बसलो. दारं-खिडक्या बंद होत्या. तरी खुंटीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान जरासं उचललं जाई आणि पुन्हा खाली बसे. जरासं वर, पुन्हा खाली. मी बघत राहिलो. कुणी झोपलेलं माणूस श्वास घेतं ना, तसं.

आणि मग ऐकू आलं. लांबून, पण अगदी जवळून. बाईचा आवाज.

"खंय होतस रे? जेवलस काय?"

माझी आई. कुठे होतास, जेवलास का, माझी आई असंच विचारायची, पडवीत पाय धुतानाच. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. गावचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. नगरात माझ्या भाषेत बोलणारं माणूस एकच, सुमन, आणि ती केडगावात. मी उठून सगळ्या खोल्या पाहिल्या, माळवदावर गेलो, शेजारच्या बोळात डोकावलो. कुणी नाही.

तुम्ही म्हणाल, मग तिथून पळत का नाही सुटलास? लाज वाटते सांगायला, पण मला भीती वाटली ती पहिली घटकाभर. मग मी पुन्हा जाऊन त्याच जागी बसलो. कान देऊन. आणि मनाशी ठरवून टाकलं, घ्यायचं तर हेच घर.

सुमनची समजूत पटावी म्हणून मी नानांना म्हटलं, एखाद्या जाणत्या माणसाकडून घर तपासून घेतो. नाना लगेच म्हणाले, "अवश्य घ्या. माणूस मीच देतो." दुसऱ्या दिवशी निवृत्त ओव्हरसियर आले. पायात बूट, हातात वेताची छडी. मला खटकायला हवं होतं ते एवढंच, की ते आणि नाना एकाच टांग्यातून उतरले. भाड्यावरून दोघांत वादही झाला नाही, इतकी ओळख जुनी. ओव्हरसियरांनी भिंतींवर छडी मारली, माळवद पाहिलं आणि सहीनिशी कागद दिला, 'बांधकाम उत्तम स्थितीत'. त्यात एक शब्द खोटा नव्हता. ते फक्त वर बघत होते. मीही वरच बघत होतो. माझ्या गावी चिऱ्याची खडक जमीन. जमीन तपासायची असते हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

विसार शुक्रवारी द्यायचा ठरला.

त्याच आठवड्यात केडगावच्या मालकाकडे लग्नाच्या तयारीसाठी ओसरी चोपायला हौसाबाई आली. पन्नाशीची, वाळकी, काळी, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. पाणी मोजून मापून वापरायचं म्हणून कुरकुरत होती. सुमन दारात बसून तिच्याशी बोलत होती. मी कामावरून आलो तेव्हा बोलणं थांबलं होतं आणि हौसाबाई चोपणं मांडीवर घेऊन माझी वाट पाहत होती.

"मिस्त्री, तुमी त्ये नव्या फरशीचं घर घेताय म्हनं?"

"हो. का?"

"जिमिनीला इचारलं का?"

मी हसलो. "ओव्हरसियरांनी पाहिलंय, मावशी. कागद आहे."

"कागुद भितीचा आसंल. त्या माजघराची जिमीन धा-बारा वर्सं म्या चोपलीया. दर साली मधोमध चार बोटं खाली बसायची. दर साली म्या माती टाकून वर आनायचे. पुन्ना दिवाळीला बघावं तर चार बोटं खाली. एवढी माती जातीया कुटं? मालकाला इचारलं तर म्हनला, तू चोप, तुला काय करायचंय. मग फरशी घातली त्यानं. आता खड्डा दिसत न्हाई."

"मग विकणाऱ्याने सांगायला नको?"

"त्याला घर इकायचंय. दलालाला त्याचा वाटा हाय. वरसेराला दलाल हाय." ती उठली. "मला कुनीच न्हाई. म्हनून म्हनते, उद्या माज्यासंगं चल."

शुक्रवारी सकाळी विसाराचे पैसे सुमनकडे ठेवून मी आणि हौसाबाई गेलो. तिला चोपणं घेऊन आलेली पाहून नानांच्या तोंडातली लवंग थांबली.

"अहो मिस्त्री, घर घेताय का ओसरी सारवताय?"

"तपासून घेतो, नाना."

"ओव्हरसियरनंतर ही? वा! उद्या कुंभाराचं गाढव आणा."

"गाडवाला बी कळंल नाना," हौसाबाई म्हणाली, "पाय ठिवायचं न्हाई तितं." आणि तिने पदर खोचला.

ती माजघराच्या कडेला उकिडवी बसली आणि भिंतीलगतच्या फरशीवर चोपणं हलकेच टाकलं. ठप्. पुढच्या फरशीवर. ठप्. अशी सरकत सरकत ती मध्यावर आली. ठप्, आणि मग खाली, खोल कुठेतरी, दुसऱ्यांदा, ठप्. जसं खालून कुणी दुसरं चोपणं घेऊन बसलंय आणि वरच्या प्रत्येक ठोक्याला ठोका देतंय. तिने दोनदा मारलं, खालून दोनदा आलं. ती थांबली. खालचा एक ठोका, माझी शपथ, नंतर आला.

नाना दारापर्यंत सरकले होते.

हौसाबाईने कनवटीला बांधून आणलेली चुलीतली राख चिमटीत घेतली आणि दोन फरश्यांच्या सांध्यावर सोडली. राख क्षणभर पडून राहिली आणि मग बारीक धुरासारखी वर उठली. जरा वेळाने उरलेली राख आत ओढली गेली. पुन्हा वर. पुन्हा आत.

"घर थंड का हाय कळलं?" ती म्हणाली.

"एक फरशी उचलू या," मी नानांना म्हटलं.

"विसार दिल्याशिवाय एका चिपेला हात लावायचा नाही!" नाना ओरडले, पण आत आले नाहीत.

हौसाबाई माझ्याकडे बघत होती. हळू आवाजात तिने विचारलं, "तुला काय ऐकू आलं?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुमनलाही नाही. "आई," मी म्हटलं. "जेवलास का म्हणून विचारते."

तिने मान हलवली, जणू मी हवापाण्याची गोष्ट सांगितली. "मला प्वार रडल्यालं ऐकू येतं. धा वर्सं यायचं. मला प्वार झालं न्हाई." मग चोपणं पोटाशी धरून म्हणाली, "पोकळ जिमीन ज्याला जे पायजे त्येच ऐकवती बाबा. म्हनून घर ज्याला घ्यायचंय त्यानं आपल्या कानानं पारखू नये. पारखायला दुसरं मानूस आनावं. तेबी इकनाऱ्याचं न्हाई, घेनाऱ्याचंबी न्हाई."

माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच. पुढे मी ओळंबा, पट्ट्या, नळीची लेव्हल काय काय वापरलं, पण याच्या पलीकडचं काही शिकलो नाही.

विसार दिला नाही. घर सोडताना दाराशी मी मागे वळून पाहिलं, हे कबूल करतो. नाना गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलले, "तुम्हाला नको, ठीक. पण बाहेर तोंड उघडलंत, तर या गावात एक वीट लावू देणार नाही कुणी. परगावचे आहात." मी मान डोलावली. घाबरट माणूस मी.

आम्हाला केडगावातच दुसरी खोली मिळाली, तीही हौसाबाईच्या शब्दावर. तिथेच आमची मुलगी झाली.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात जड होतो. ते घर एका प्राथमिक शिक्षकाने घेतलं. तरुण जोडपं होतं. सामान उतरवत असताना मी त्याच गल्लीत कामावर चाललो होतो. मी हे घर पाहिल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. गुरुजींनी मला हाक मारली. "मिस्त्री, तुम्ही पाहिलं होतंत ना? कसं आहे घर?"

नाना तिथेच टांग्याला टेकून उभे होते, लवंग चघळत.

मी म्हणालो, "भिंती चांगल्या आहेत."

खरंच चांगल्या होत्या.

पुढच्या वर्षी पाऊस आला. दुष्काळानंतरचा पाऊस म्हणून लोक भिजत नाचत होते, मी मात्र प्रत्येक सरीला त्या माजघराचा विचार करायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी कामावर निरोप आला, जुन्या पेठेत जमीन फाटली, गुरुजींची बायको खाली गेली. मी दोर घेऊन पळालो.

माजघराच्या मधोमध खाटेएवढं भगदाड होतं. गुरुजी काठावर पालथे पडून नुसती हाक मारत होते. खालून उत्तर नव्हतं. हौसाबाई माझ्या आधी पोचली होती. तिने दोर तुळईवरून टाकला, दुसरं टोक आपल्या कमरेला गुंडाळून भिंतीला पाय दिला आणि मला म्हणाली, "उतर."

मी उतरलो. खाली विटांचा जुना हौद होता, घुमटीसारखा, पातशाही काळचा. त्या काळी डोंगरातलं पाणी खापरी नळांनी गावात आणलं होतं, त्या पाण्याचाच हा एक हौद. नळांची तोंडं काळी, वीतभर, तिन्ही बाजूंना. हे नळ अजून कुणाकुणाच्या आडात निघतात, कुणाच्या परसात. पाणी आटलं की ते कोरडे पडायचे, दुष्काळात तर पारच, आणि मग त्यातून वारा खेळायचा, इकडचे आवाज तिकडे जायचे. दर साली हौसाबाईची माती इथेच गळत होती. समोर ढीग होता तिचा. हे सगळं नंतर समजलं. त्या वेळी इतकंच दिसत होतं, की एका तोंडातून पाणी यायला लागलंय, माझ्या घोट्यापर्यंत, आणि अंधारात बाई दिसत नाही.

आणि त्या तोंडातून, पाण्याच्या बरोबर, पुन्हा तोच आवाज.

"खंय होतस रे?"

या वेळी जेवण्याचं विचारलं नाही. नुसतं, खंय होतस. मी त्या आवाजाच्या दिशेने हात घातला आणि हाताला लुगड्याचा काठ लागला.

बाई वाचल्या. पाय मात्र वाकडा राहिला तो राहिलाच. पुढे कैक वर्षं बाजारात दिसायच्या, काठी टेकत. मला बघून हसायच्या, कारण मी त्यांना वर काढलं होतं. आधी काय बोललो होतो ते गुरुजींनी त्यांना कधी सांगितलं नसावं. त्या हसण्यासारखी शिक्षा नाही.

त्या दिवशी बाहेर ओट्यावर हौसाबाई दोराने सोलवटलेली कंबर चोळत बसली होती. मी जवळ गेलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिती चांगल्या हायेत, म्हनलास न्हवं?"

मी ओला दोर गुंडाळायला घेतला.

"आता इचारलं न्हाई तरी सांगत जा. ज्येला त्येला."

ते मी करत आलो. परगावचा राहिलो तरी करत आलो. नानांच्या धमकीप्रमाणे वर्ष-दीड वर्ष काम मिळालं नाही, तेही निघून गेलं. तपासलेलं घर एका गिऱ्हाइकाने सोडलं, तर पुढच्याला मी आपणहून जाऊन सांगतो. काही लोक याला आगाऊपणा म्हणतात.

शहाबादी फरशी घरोघरी झाली तशी हौसाबाईची कामं गेली. भाचीबरोबर पाथर्डीकडे निघाली. भाचीचं बिऱ्हाड ऊसतोडीला जाणारं. निघताना माझ्याकडून तिने काही घेतलं नाही. साडी पुढे केली तर मागे सारली. उलट चोपणं माझ्या हातात दिलं.

"आता हे मला जड व्हतं. म्याबी एक दिस घर घेनार हाय. दोन खनाचं. तवा जिमीन तू चोपून बघ. तवर जपून ठिव."

"मी तर घाबरट, मावशी. माझ्या कानावर भरवसा ठेवशील?"

"माजं घर हाय. तुला थोडंच घ्यायचंय?"

चोपणं माझ्या दाराशी टेकवलेलं आहे. दर दिवाळीला त्याला तेलाचा हात देतो. त्याच्याने मी किती जमिनी ठोकल्या याला गणती नाही. बहुतेक ठिकाणी एकच ठोका येतो, कोरडा, घट्ट. पण कधीतरी, एखाद्या घरात, भर दुपारी, खालून ते विचारणं येतं आणि मला कळतं, इथे जमीन पोकळ आहे. मी गिऱ्हाइकाला सांगतो, हे घर घेऊ नका. कशावरून, विचारलं तर चोपण्याचा आवाज दाखवतो. दुसरं काही सांगत नाही. आणि हेही लिहून टाकतो, की अशा घरात काम झाल्यावरही मी दोन ठोके जास्त मारतो.

पाथर्डीच्या बाजारात विचारलं, साखर कारखान्यांच्या आवारातल्या ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून विचारलं. कुणी म्हणतं ती या बाजूला होती, कुणी म्हणतं त्या. हौसाबाई, तू घर बघून ठेव. उंबरा ओलांडायच्या आधी मला निरोप धाड. मी येईन, कडेपासून मध्यापर्यंत एकेक हात ठोकीन, आणि जे ऐकू येईल ते तुला सांगीन. भिंतींचं नंतर बघू.